एवढेसे भोक

होडीशी माझा जन्मजात असा काही संबंध नाही. माझे गाव जऊळका. मालेगाव तालुक्यातले, अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या रेल्वेवरचे एक लहानसे स्टेशन. माझ्या लहानपणी तो सारा मुलूख अकोला जिल्ह्यात मोडत असे. वाशीम वेगळा जिल्हा झाला तो १९९८ साली. समुद्र तिथून शेकडो मैल दूर. काटेपूर्णा आमच्याच बाजूला उगम पावते हे खरे, पण उगमाजवळची नदी ती केवढी! पावसाळ्यात चार दिवस तिला मस्ती येते आणि उन्हाळ्यात तिच्या पात्रातून बैलगाडी धूळ उडवीत जाते. होडी आम्ही पाहिली ती पाटीवर पेन्सिलीने काढलेली, नाहीतर वहीच्या कागदाची. कागदाची होडीही दारातल्या पन्हाळीपासून गोठ्यापर्यंत जाई आणि शेणात रुतून बसे.

असे असूनही एकदा भर खाडीत बंद पडलेले होडीचे इंजिन, केवळ जऊळक्याच्या शिक्षणावर, मी चालू करवून दिले. ही गोष्ट मी आजवर पुष्कळांना सांगितली आहे. ऐकणारे हसतात आणि मनात म्हणतात, वऱ्हाडातल्या माणसाने समुद्राच्या गप्पा मारू नयेत. म्हणून आज ती सविस्तर लिहून काढतो. तिच्यात होडीचा भाग थोडा आहे आणि घरचा भाग मोठा आहे, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

१९८८ ची दिवाळी नुकतीच सरली होती. नोकरीतल्या बदलीमुळे मी त्या वेळी दापोलीला होतो. दोन दिवस सुट्टी होती म्हणून पत्नीला आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन गुहागरला, व्याडेश्वराच्या दर्शनाला निघालो. नकाशावर पाहिले तर दाभोळ आणि गुहागर अगदी शेजारी. पण मध्ये वाशिष्ठीची खाडी आडवी येते. रस्त्याने जायचे तर लांबचा वळसा. म्हणून लोक दाभोळच्या धक्क्यावर होडीत बसत आणि पलीकडे धोपाव्याला उतरत. आता तिथे मोटारीसुद्धा पलीकडे नेणारी फेरीबोट आहे. तेव्हा ती नव्हती.

होडीत आम्ही दहा-बारा माणसे होतो. एक मास्तर होते, एक मासळीची पाटी घेतलेली बाई होती, एकाने तर सायकल आणली होती. मागच्या बाजूला एक सिलिंडरचे डिझेल इंजिन होते. तांडेलाने हँडल मारले आणि ते फट्-फट्-फट् करीत सुरू झाले, तेव्हा त्या परक्या मुलखात मला एकदम घरचे कुणीतरी भेटल्यासारखे वाटले. आमच्या विहिरीवर असेच इंजिन होते. मी पत्नीला तसे सांगितलेही. ती पाण्याकडे पाहत नुसते “हो का?” म्हणाली.

खाडीच्या मध्यावर आलो आणि तो आवाज अडखळला. फट्… फट्फट्… फुस्. दम लागलेल्या माणसासारखे चार ठोके, पांढऱ्या धुराचा एक लोट, आणि मग शांतता. ज्याने इंजिनाच्या सोबतीने पाणी ओलांडले आहे त्यालाच ही शांतता कशी असते ते कळेल. लाटांचा होडीच्या फळ्यांवर आपटण्याचा आवाज, जो इतका वेळ ऐकूच येत नव्हता, तो एकाएकी मोठा झाला.

“घाबरू नका. इंजिनान वाईच हवा खाल्लीन,” तांडेल म्हणाला. त्याने पान्याने एक स्क्रू ढिला केला, डिझेलचा फेस वाहू दिला, पुन्हा आवळला, हँडल मारले. इंजिन सुरू झाले. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. पाच मिनिटे गेली असतील नसतील, पुन्हा तेच. फट्… फट्फट्… फुस्.

ओहोटी लागली होती. होडी आपल्या मर्जीने तोंडाकडे, म्हणजे समुद्राकडे, सरकू लागली. दाभोळच्या जुन्या मशिदीचा घुमट इतका वेळ आमच्या पाठीशी सरळ होता. तो हळूहळू एका बाजूला जाऊ लागला आणि खाडीच्या मुखाशी असलेला अंजनवेलचा गोपाळगड मोठा दिसू लागला. मास्तरांनी चष्मा पुसला. तांडेलाच्या हाताखालच्या पोराने वल्हे काढले, पण एवढ्या माणसांची होडी एका वल्ह्याने ओहोटीला काय भीक घालणार? माझ्या मुलीने विचारले, “बाबा, आलं का गुहागर?”

तांडेलाने तिसऱ्यांदा हवा काढली. इंजिन तिसऱ्यांदा चालू झाले आणि थोड्या वेळाने तिसऱ्यांदा गेले. या वेळी त्याने माझ्याकडे पाहिले नाही. कुणाकडेच पाहिले नाही. पण मी मात्र इंजिनाकडे पाहत होतो. चालू होते, थोडे चालते, धापा टाकते, मरते. थांबलात की पुन्हा चालू होते. हा रोग माझ्या ओळखीचा होता. याच रोगाने अठरा वर्षांपूर्वी आमच्या घरची एक दिवाळी काळी केली होती.

त्या काळी आमच्याकडे गावोगाव तेलइंजिने येत होती. १९४६ साली किर्लोस्करांनी पुण्याला तेलइंजिनांचा कारखाना काढला, आणखी काहींनी काढले, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत विहिरीवरच्या मोटेच्या गाण्याची जागा या फटफटाटाने घेतली. आमचे इंजिन कोणत्या कारखान्याचे होते ते सांगत नाही. कारण दोष कारखान्याचा नव्हता. ते आले तेव्हा बाबा आणि मोठे बाबा, म्हणजे माझे थोरले चुलते, एकत्र होते. १९६९ साली वाटण्या झाल्या. वावराचे दोन भाग झाले, बैलजोड्या वेगळ्या झाल्या, अंगणात मधोमध तुराट्यांचा कूड उभा राहिला. पण विहिरीचे आणि इंजिनाचे दोन भाग कसे करणार? त्यांची पाळी ठरली. एक दिवस मोठ्या बाबांचा, एक दिवस आमचा. ज्याची पाळी त्याने आपले डिझेल भरायचे. संध्याकाळी टाकीत जे उरेल ते ज्याचे त्याने हिशेबात धरायचे.

या हिशेबासाठी मोठ्या बाबांनी तुराटीची एक सरळ काडी केली होती आणि तिच्यावर चाकूने खुणा पाडल्या होत्या. पाळी सुरू करताना ते टाकीचे झाकण उघडून काडी बुडवीत, पाळी संपल्यावर बुडवीत, आणि मध्येही दर दोन वाफे भिजले की येऊन बुडवून पाहत. बाबांना या काडीची फार चीड होती. ते कधी मोजत नसत. “भावाभावात पळीभर तेलाचा काय हिशेब?” असे ते म्हणत. गावात सगळे बाबांना दिलदार म्हणत आणि मोठ्या बाबांना चिकट. मीही तसेच समजत असे.

१९७० साली मी अकरा वर्षांचा होतो. पावसाळाभर इंजिन टिनाच्या खोलीत गोणपाट पांघरून झोपलेले असे. दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घालीत, आणि दिवाळीच्या सुमाराला, गव्हाचे वावर ओलवण्यासाठी, ते जागे करीत. त्या वर्षी ते वसुबारसेला सुरू केले. पाळी मोठ्या बाबांची होती. इंजिन दिवसभर चालले. धनत्रयोदशीला आमची पाळी. वीस मिनिटे चालले आणि धापा टाकून मेले. बाबांनी झाकण उघडून पाहिले. टाकी अर्धी भरलेली. पुन्हा हँडल मारले. चालू झाले, वीस मिनिटांनी पुन्हा गेले. त्या दिवशी बाबांनी आणि गड्याने हँडल मारून मारून खांदे उतरवले आणि भिजले ते जेमतेम पाव वावर.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाबांची पाळी. इंजिन पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत एकदासुद्धा थांबले नाही. त्याच्या पुढच्या दिवशी, लक्ष्मीपूजनाला, आमची पाळी आली. आणि वीस मिनिटांत फुस्.

आता गाव म्हटले की पार आला, आणि पार आला की शहाणी माणसे आली. कुणी म्हणाले, यंत्रालाही राशी असते. कुणी अगदी कानाशी येऊन म्हणाले, टाकीत साखर टाकली असेल; शेवटच्या काडीबरोबर चिमूटभर साखर सोडली की कुणाला कळणार? बाबा त्या वेळी काही बोलले नाहीत. पण गव्हाची पेरणी खोळंबली होती, मिरचीची झाडे माना टाकू लागली होती, आणि डिझेलच्या उधारीचा आकडा आईने दोनदा विचारला होता. दिलदारपणालासुद्धा ओलीत लागते.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मोठे बाबा कुडाच्या पलीकडे दिवे मांडीत होते. बाबा कुडाशी गेले. मी पणत्यांचे ताट धरून मागे उभा होतो.

“दादा, तुमच्या पाळीले इंजन दिवसभर चालते, आन् माह्या पाळीले वीस मिनिटांत मरते. असं कसं होते?”

“मले काय मालूम?” मोठे बाबा म्हणाले.

“मंग दिवसभर टाकीत काडी घालून तुम्ही करता काय?”

मोठ्या बाबांनी हातातला दिवा खाली ठेवला. पुष्कळ वेळ ते बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, “म्या तेल मोजतो. तुह्या वाट्याचं थेंबभर माह्याकडे येऊ नये म्हणून मोजतो.”

एवढे बोलून ते घरात गेले. मांडायचे राहिलेले दिवे तसेच राहिले.

पाडव्याला ते फराळाला आले नाहीत. भाऊबीजेला आमची आत्या दुपारच्या गाडीने हिंगोलीहून आली. दरवर्षी ती दोघा भावांना शेजारी शेजारी पाटावर बसवून ओवाळीत असे. त्या वर्षी तिला एकच पाट मांडलेला दिसला. तिने काही विचारले नाही. बाबांना ओवाळले आणि तेच ताट उचलून, पदराच्या आडोशाने दिवा सांभाळीत, कुडाला वळसा घालून पलीकडे गेली. परत आल्यावर आईला एवढेच म्हणाली, “दोनदा इझला वं दिवा. वारा होता.”

वारा नव्हता, हे मला आठवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनेच मला गिरणीवाल्या मिस्त्रीकडे पिटाळले. हा मिस्त्री गावातल्या पिठाच्या गिरणीचे इंजिन सांभाळीत असे. त्याआधी कैक वर्षे तो मुंबईला, भाऊच्या धक्क्यावर, लाँचींच्या इंजिनांवर होता. एका पायाने किंचित लंगडत असे. मला वाटले होते तो हत्यारांची पेटी घेऊन येईल. तो एक पाना आणि विडीचे बंडल घेऊन आला.

“आधी इंजनाले हात लावाचा नाही,” तो म्हणाला, “आधी मानसाले इचाराचं. तुह्या मोठ्या बाबाले बलाव. दोघंबी पायजेत.”

मोठे बाबा आले. बाबांच्या तोंडाकडे न पाहता विहिरीच्या काठावर उभे राहिले. मिस्त्रीने दगडावर बसून चौकशी सुरू केली. किती वेळ चालते? मरताना एकदम मरते की धापा टाकून? धूर काळा की पांढरा? काळा असता तर तेल जास्त, हवा कमी. निळा असता तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, वंगण जळते आहे. पांढरा म्हणजे तेल नीट पेटत नाही. त्याने चिमटीत डिझेल घेऊन वास घेतला, बोटांवर चोळले, त्यात पाणी नाही अशी खात्री केली. मग बाबांना म्हणाला, “चालू कर आन् तू रोज जे करतं तेच कर.” बाबांनी इंजिन चालू केले आणि नेहमीप्रमाणे पाण्याच्या पाटावर जाऊन उभे राहिले. वीस मिनिटांनी फट्… फट्फट्… फुस्. मिस्त्रीची विडी विझली होती. ती त्याने पुन्हा पेटवली.

“आता थोरल्यानं करावं,” तो म्हणाला.

मोठ्या बाबांनी झाकण उघडले, काडी बुडवली, खूण पाहिली, झाकण लावले. इंजिन चालू झाले. दोन वाफे भिजले, मोठे बाबा आले, झाकण, काडी, झाकण. आणखी दोन वाफे. पुन्हा झाकण, काडी, झाकण. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, इंजिन आपले चालते आहे. बाबांचा चेहरा पाहवत नव्हता.

मला राहवले नाही. मी म्हणालो, “मिस्त्रीकाका, बाबा झाकण उघडतात तवा ते सुस्स करते.”

ही गोष्ट मी पहिल्या दिवसापासून ऐकत होतो. पण मोठ्यांच्या भांडणात लहानांच्या कानांना कोण विचारतो? मिस्त्रीने विडी टाकून दिली आणि माझ्याकडे असे पाहिले की, मी जणू शाळा तपासायला आलेला इन्स्पेक्टरच होतो. तो उठला, इंजिन बंद केले, टाकीखालच्या नळीचे तोंड सोडवून खाली डबा धरला. डिझेलची धार करंगळीएवढी पडली. थोड्या वेळाने ती सुतळीएवढी झाली, मग दोऱ्याएवढी, मग नुसते थेंब. टाकी तर अर्धी भरलेली. मिस्त्रीने वरचे झाकण फिरवले. सुस्स! आणि धार पुन्हा करंगळीएवढी.

झाकण त्याने हातात घेतले आणि उलटे करून आम्हा तिघांना दाखवले. त्याच्या मधोमध दाभण जाईल एवढे एक भोक असते; टाकीतले तेल जसजसे खाली जाईल तसतशी त्याची जागा घ्यायला बाहेरची हवा त्यातून आत येते. त्या भोकात पावसाळ्यात एका कुंभारीण माशीने मातीचा गोळा घालून आपले घर केले होते. मिस्त्रीने बाभळीचा काटा मोडून आणला आणि तो गोळा टोकरून बाबांच्या तळहातावर ठेवला. तुरीच्या दाण्याएवढा होता.

“टाकीनं तेल द्यावं, पर तिले श्वास घेऊ देऊ नये, असं कसं चालन?” मिस्त्री म्हणाला. “थोरल्याची काडी होती म्हून तिचा जीव वाचे. तू दिलदार. तू कधी झाकणच उघडलं नाही.”

भाकरी घेऊन आलेली आई बांधावर उभी राहून हे सारे ऐकत होती. तिने कपाळावर हात मारला. “एवढंच होतं? तेलाच्या डब्याले आमी दोन भोकं पाडतो, एक तेलाले आन् एक हवेले. एका भोकानं तेल गचके देते. मले इचारलं असतं तं!” तिच्या हातालासुद्धा त्या वेळी चकल्यांच्या तेलाचा वास येत असेल. चार दिवस एक अख्खे गाव ज्या प्रश्नावर डोके फोडीत होते त्याचे उत्तर आमच्याच स्वयंपाकघरात, चुलीशेजारी, डब्याच्या रूपाने बसले होते.

बाबा तळहातावरच्या त्या मातीच्या कणाकडे पाहत होते. “दादा…” एवढेच ते म्हणाले. पुढे त्यांना शब्द सापडला नाही. मोठ्या बाबांनी काडी कमरेला खोचली. “वावर ओलव,” ते म्हणाले, “दिवस चाल्ला.” आणि ते पाटाशी जाऊन स्वतःच बाबांच्या वाफ्यांना पाणी लावू लागले.

आत्या त्या दुपारच्या गाडीने गेली नाही. संध्याकाळी तिने दोन पाट मांडले. कुणीतरी म्हणाले, अहो, द्वितीया काल झाली. ती म्हणाली, “तिथी गेली तं जाऊ दे. भाऊ हायेत ना?”

गोष्ट इथे संपली असती तर ती फार गोड झाली असती. पण झाकणातले भोक काट्याने मोकळे होते तसे तोंडून गेलेल्या शब्दाचे होत नाही. पुढच्या पाळीला मोठ्या बाबांनी काडी आणली नाही. ती कुडात खोचलेली राहिली. आता त्यांनीही मोजणे सोडले. आणि ते सोडणे बाबांना आधीच्या मोजण्यापेक्षा जड गेले. मग बाबांनी काय करावे? आपली पाळी संपली की ते ती काडी उपसून टाकीत बुडवीत आणि कुडावरून मोठ्याने सांगत, “दादा, चार खुणा हायेत!” पलीकडून उत्तर येत नसे. दुसऱ्या पाळीला पुन्हा, “दादा, तीन खुणा!” उत्तर नाही. असे गहू निसवेपर्यंत चालले. मग एके दिवशी बाबांनी खुणा सांगितल्या आणि पलीकडून आवाज आला, “मालूम हाय, बाप्पा. ओरडू नको.” त्या रात्री बाबा दोन भाकरी जास्त जेवले, असे आई सांगत असे.

पुढे शिकायला बाहेर पडल्यावर या इंजिनाचा जनक रुडॉल्फ डिझेल याच्याविषयी मी वाचले. १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन यशस्वीपणे चालले. त्याची करामत अशी की त्यात ठिणगी लागत नाही. नुसती हवा इतकी दाबायची की ती तापून लाल लोखंडासारखी होते आणि तिच्यात फवारलेले तेल आपोआप पेटते. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात तसले एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते. आमच्या आईला हे कळले असते तर तिने त्या तेलात तळता आले असते असे म्हटले असते. पण याच डिझेलची अखेर वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री तो आगबोटीने इंग्लंडला चालला होता. जेवण झाले, सकाळी लवकर उठवा असे सांगून तो आपल्या खोलीकडे गेला, आणि सकाळी खोलीत नव्हता. काही दिवसांनी त्याचे प्रेत समुद्रात सापडले. नेमके काय घडले ते आजही ठरलेले नाही. तो कर्जात पार बुडाला होता, हे मात्र मागाहून उघडकीला आले. साऱ्या जगाच्या यंत्रांना दाबलेल्या हवेवर चालवणारा माणूस, मनातला दाब कुणाला न सांगता हिंडत होता की काय, असे मला वाटून गेले. मला आमच्या टाकीचे झाकण आठवले.

तर, दाभोळच्या खाडीत, गोपाळगडाकडे सरकत जाणाऱ्या त्या होडीत मी उठून उभा राहिलो. होडी डचमळली. पत्नीने माझा सदरा धरला.

“तांडेल, टाकीचं झाकण एकदा उघडता का?”

“डिझेल हाय भरपूर,” तो म्हणाला. एखाद्या वैद्याला पेशंटच्या मामाने औषध सुचवावे तसा त्याचा स्वर होता.

“असू द्या. तरी उघडा.”

टाकी मागच्या फळीखाली होती. पाहतो तर झाकणावर सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा ताणून बसवलेला आणि वर तारेने घट्ट आवळलेला. हाताखालच्या पोराने चांगल्या बुद्धीने केलेले काम होते ते. लाटेचे खारे पाणी झाकणातून टाकीत उतरू नये म्हणून. पाणी आत जाऊ नये म्हणून केलेल्या बंदोबस्ताने हवाही आत जाऊ दिली नव्हती. तांडेलाने पकडीने तार सोडवली, झाकण फिरवले, आणि मी कान दिला.

सुस्स!

अठरा वर्षांनी तो आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला. तांडेलानेही तो ऐकला. तो जातिवंत माणूस होता; त्याला पुढचे काही सांगावे लागले नाही. टाकी तेल देईना म्हणून पंप सांध्यासांध्यातून हवा ओढीत होता. हवेचा बुडबुडा दाबला की दबतो, तेल दबत नाही. म्हणून नळीत बुडबुडा शिरला की पंपाचा सगळा जोर त्याला दाबण्यात जातो आणि फवारा उडतच नाही. तांडेल आजवर बुडबुडे काढीत होता, पण ते शिरत होते कुठून आणि कशामुळे, तिकडे लक्ष गेले नव्हते. त्याने फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला. आधी पांढरा फेस आला, मग बुडबुडे मिसळलेले डिझेल, मग स्वच्छ, एकसंध धार. स्क्रू आवळून त्याने पुढचा, पंपाचा सांधा तसाच मोकळा करून घेतला. मग हँडल. एक, दोन, तीन… फट्. फट्. फट्-फट्-फट्-फट्.

धोपाव्याचा धक्का येईपर्यंत होडीत कुणी बोलले नाही. सगळे फक्त तो आवाज ऐकत होते. उतरताना मी पैसे पुढे केले तर तांडेलाने हात मागे घेतला.

“तुम्ही बोटीवर होतात काय कधी?”

“नाही. मी जऊळक्याचा.”

“समुद्र हाय तिथं?”

“विहीर आहे,” मी म्हणालो.

गुहागरहून परत आल्यावर मी घरी पत्र लिहिले आणि सगळी हकीकत कळवली. त्या वेळी बाबा आणि मोठे बाबा दोघेही होते. आज दोघेही नाहीत. विहिरीवर विजेची मोटार आहे, कूड केव्हाच पडला, आणि जऊळक्यावरून २००८ पासून मोठ्या रुळांची गाडी धावते. टिनाच्या खोलीत ते काळे इंजिन अजून आहे. दसऱ्याला पुतणे त्याला झेंडूची माळ घालतात.

बाबांचे उत्तर आठ दिवसांनी आले. पोस्टकार्डावर नेहमीप्रमाणे आधी पाऊसपाणी, मग तुरीचा फुलोरा, मग सर्वांचे क्षेमकुशल. शेवटी, जागा संपत आल्यामुळे कडेने आडव्या लिहिलेल्या दोन ओळी होत्या:

“तुझे पत्र दादांना वाचून दाखवले. त्यांनी दोनदा वाचायला लावले. ते विचारतात, होडीवाल्याकडे काडी होती काय? नसेल तर एक करून पाठवतो म्हणतात.”